तळावरची राखण : कुत्र्यासह मुक्कामाची तयारी

कुत्रा सोबत घेऊन उघड्यावर रात्र काढण्याची रीत कोल्हापूरच्या भागात नवी नाही. धनगरांची बकरी वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर असतात. ज्या शेतात खतासाठी बकरी बसवायची, तिथेच तळ पडतो. वाघर म्हणजे जाळीचे कुंपण लावून तिच्या आत बकरी कोंडतात आणि बाहेरच्या अंगाला कुत्री पडून राहतात. हे लांबून पाहणाऱ्याचा एक समज होतो, की कुत्रा जवळ असला म्हणजे रात्रीची काळजी मिटली. पण त्या तळावर कुत्रा एकटा नसतो. जोडीला आणखी कुत्री असतात, शेकोटी असते, माणसे बकऱ्यांच्या कडेलाच घोंगडे अंथरून निजलेली असतात, आणि ती कुत्री डोळे उघडल्यापासून त्याच जगण्यात वाढलेली असतात. घरात पंख्याखाली झोपणारा कुत्रा तंबूत नेला म्हणून राखणदार होत नाही. तिथे त्याचीच राखण माणसाने करायची असते. मुक्कामाच्या तयारीचा विचार या टोकापासून सुरू करावा लागतो.

जागा ठरवताना, जिथे जायचे नाही ती ठिकाणे आधी बाजूला काढावीत. राधानगरी हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य. दाजीपूरच्या जंगलाला गव्यांसाठी १९५८ साली हे संरक्षण मिळाले. आज अभयारण्याचा विस्तार सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. तिथे आणि चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्याला घेऊन फिरायला जायचे नसते. हे बंधन अनेकांना जाचक वाटते, पण त्यामागचे कारण साधे आहे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग रानातल्या मांसाहारी प्राण्यांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह मेले, तेव्हाही हाच विषाणू सापडला. राधानगरीच्या रानात बिबटे आहेत, कोळसुंदे आहेत. कोळसुंदा तर कुत्र्याचाच भाऊबंद. वरून धडधाकट दिसणारा कुत्राही लाळेतून आणि विष्ठेतून रोग मागे ठेवून येऊ शकतो.

अभयारण्याबाहेरही सगळे मोकळे आहे असे नाही. पन्हाळगड, विशाळगड, मसाई पठार, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या भागांतले मोठे पट्टे अलीकडच्या काळात संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले आहेत. म्हणून कुठल्याही रानात तंबू ठोकण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारणे हे तयारीतले पहिले काम ठरते. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट कुत्र्यासह चालावी असेही कित्येकांच्या मनात येते. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघून शिवाजी महाराज त्या बाजूने विशाळगडाकडे गेले आणि त्या आठवणीसाठी पावसाळ्यात तिथे पदभ्रमंती निघतात. माणसासाठी ती वाट मोठ्या मानाची आहे. कुत्र्याला त्या दिवसांत तिथे नेऊ नये. चिखल, फुगलेले ओढे, जळवा आणि गर्दीतले अनोळखी पाय यांत त्याचे हालच होतात.

पहिल्या मुक्कामाला सर्वांत चांगली जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचे शेत. मालकाची परवानगी असते, पाणी असते, गाडी जवळ उभी करता येते आणि अर्ध्या रात्री परतावे लागले तर परतताही येते. कोल्हापूरहून पन्हाळा अवघ्या २० किलोमीटरवर आहे. पायथ्याच्या एखाद्या गावात तळ टाकून दिवसा मसाई पठारावर फिरून यावे, हे पहिल्या खेपेला पुरेसे आहे. शेतावरही मालकाला काही प्रश्न विचारून घ्यावेत. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडली आहे का, उंदरांचे औषध कुठे टाकले आहे, आसपास कोणी फास किंवा गावठी बॉम्ब लावतात का. डुकराने चावावे म्हणून आमिषात दडवलेला हा बॉम्ब कुत्राही तोंडात धरतो, आणि मग डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही. हंगामात जवळ गुऱ्हाळ सुरू असले तर कुत्र्याला तिकडे फिरकू देऊ नये. उकळत्या काहिलीच्या कडेला गुळाच्या वासाने ओढला जाणारा कुत्रा स्वतःही भाजतो आणि काम करणाऱ्यांच्या पायांतही येतो.

ऋतू दिवाळीनंतरचा बरा. फेब्रुवारी सरत आला की जांभ्या दगडाचे पठार दुपारी तापते. चप्पल घातलेल्या माणसाला ते कळत नाही. हाताची उलटी बाजू दगडावर सात सेकंद ठेवून पाहावी. ठेववली नाही, तर त्या दगडावर कुत्र्याला चालवू नये. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांतून. अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापणे. त्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उन्हाने ते १०४ च्या पुढे गेले, की धोका सुरू होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापूनही पुरेसा गारवा मिळत नाही. त्यांना डोंगरावर नेऊच नये. उलट मुधोळ आणि कारवान ही या मुलखाची सडपातळ, आखूड केसांची कुत्री उन्हात तगतात, पण डिसेंबरच्या रात्री पठाराच्या वाऱ्यात कुडकुडतात. त्यांच्यासाठी अंगावर बांधायचे कापड आणि खाली जाड बस्कर लागते. आणखी एक गोष्ट या जातींबाबत ध्यानात ठेवावी. त्यांची मान डोक्याइतकीच रुंद असते. ससा दिसल्यावर मागे सरून झटका दिला, की साधा गळपट्टा डोक्यावरून सहज निसटतो. त्यांना छातीवरून बांधायचा हार्नेसच घालावा.

आरोग्याची तयारी निदान महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे बूस्टर. डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांविरुद्धची एकत्र लस वेगळी असते. लस घेतल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्याला काही आठवडे लागतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून घेण्यात अर्थ नाही. गोचिडांसाठी मानेवर सोडायचे औषध निघण्यापूर्वी दोन दिवस तरी लावावे. सांधेदुखी असलेला, नुकती शस्त्रक्रिया झालेला किंवा गाभण असलेला जीव घरीच ठेवावा. त्याला सोबत न नेणे हेसुद्धा त्याच्यावरचे प्रेमच आहे.

याच महिन्यात सराव करायचा. बहुतेक जण सामानाची यादी करण्यात दिवस घालवतात आणि कुत्र्याची तयारी राहून जाते. तंबू आधी अंगणात किंवा गच्चीवर उभा करावा. पहिले दोन दिवस दार उघडे ठेवून आत त्याचे रोजचे अंथरूण टाकावे आणि त्याला आपणहून आत जाऊ द्यावे. नंतर तंबूची चेन लावण्या-उघडण्याचा आवाज ऐकवावा. कित्येक कुत्री त्या खर्रकन आवाजालाच बिचकतात. मग एक पूर्ण रात्र आत काढावी. तंबूच्या कापडावर बाहेरची सावली हलली की कुत्रा काय करतो, भुंकतो, थरथरतो की कापड फाडू पाहतो, हे घराच्या गच्चीवर कळलेले बरे. चालण्याचा सराव रंकाळा तलावाच्या फेऱ्यांनी होतो, पण सपाट रस्त्यावर पंजे घट्ट होत नाहीत. आठवड्यातून दोनदा माळावर, मुरमाड वाटेवर न्यावे आणि वेळ हळूहळू वाढवावी. हाक मारल्यावर, शीळ घातल्यावर तो हमखास परत येतो की नाही, हेही तिथेच पाहावे. दहापैकी आठ वेळा येणारा कुत्रा रानात मोकळा सोडण्याजोगा नसतो.

सामान त्या मानाने थोडे. गळपट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला, एक जादा पट्टा, लांब दोरी, पाण्याचे भांडे, लसीकरणाचे कार्ड आणि कुत्र्याचा अलीकडचा फोटो. औषधांच्या पिशवीत चिमटा, जंतुनाशक, बँडेज, थर्मामीटर आणि डॉक्टरांनी नेमून दिलेली औषधे. माणसाची पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन ही औषधे त्याला कधीही देऊ नयेत. ती त्याच्यासाठी विष आहेत. पाणी वजनाच्या हिशेबाने घ्यावे. किलोमागे रोज ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे २५ किलोच्या कुत्र्याला सुमारे दीड लिटर, आणि चालणे असेल तर त्याच्या दुप्पट. डबक्यातले पाणी पिऊ देऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच साचलेल्या पाण्यात टिकतात.

खाणे घरचेच न्यावे. तळावर कोल्हापुरी बेत ठरलेला असतो, आणि त्यातच धोका आहे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात कांदा-लसूण असतो, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मटणाची शिजलेली हाडे चावताना त्यांच्या टोकदार कपच्या होतात; त्या घशात अडकतात किंवा आतडे फाडतात. द्राक्षे आणि बेदाणे थोडेसे खाल्ले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि या भागातल्या माणसाच्या पिशवीत बेदाणे असतातच. चॉकलेटही वर्ज्य. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला हे आधी सांगून ठेवावे, कारण मायेने टाकलेला तुकडाच बहुतेक वेळा नडतो.

निघायच्या दिवशी तीन-चार तास आधी खाणे बंद करावे, म्हणजे घाटाच्या वळणांवर उलटी होत नाही. बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. गावाच्या वेशीवर गावातली कुत्री अंगावर येतात, तिथे दोरी आखूड धरावी. वाटेत धनगराचा तळ दिसला तर लांबूनच वळसा घालावा. तिथली कुत्री आपले काम चोख करतात, आणि बकऱ्यांत शिरलेला परका कुत्रा त्यांच्या दृष्टीने शत्रूच असतो.

अंधार पडण्यापूर्वी सगळी आवराआवर व्हायला हवी. त्याचे कारण बिबट्या. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, शेळ्यांपेक्षाही जास्त. ऊस असलेल्या कुठल्याही शिवारात हा आकडा विसरू नये. तंबूबाहेर खुंटीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि लढूही शकत नाही. त्याची रात्रीची जागा तंबूच्या आत, माणसांच्या मधे. नाहीतर काचा थोड्या खाली केलेल्या गाडीत, माणसासोबत. रात्री लघवीला न्यायचे तर विजेरी पुढे धरून, आखूड दोरीने, बोलत बोलत न्यावे. उष्टे-खरकटे तंबूजवळ टाकू नये. त्याने उंदीर येतात आणि उंदरामागे साप. कुत्र्याची विष्ठाही पाण्यापासून लांब खोल पुरावी किंवा पिशवीत भरून परत आणावी.

साप चावतो तो बहुधा कुत्र्याच्या तोंडावर किंवा पुढच्या पायावर, कारण हुंगायला तोच आधी पुढे होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर माणसासाठी जे प्रतिविष वापरतात तेच कुत्र्यालाही देतात. ते कोणत्या पशुवैद्याकडे मिळते, रात्री दवाखाना उघडतो का, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवावे. चावलेली जागा आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. कुत्र्याला चालवत न आणता उचलून गाडीपर्यंत आणावे. त्यासाठी जाड चादरीची झोळी करता येते, आणि ती कशी धरायची हेही घरीच एकदा करून पाहावे.

सकाळी आवरल्यावर, गाडीत बसण्यापूर्वी कुत्र्याला उजेडात आडवे निजवून सगळे अंग चाचपावे. दिवाळीनंतर माळावरचे कुसळी गवत वाळलेले असते. त्याचे कुसळ बाणासारखे असते. पुढचे टोक आत शिरते आणि मागचे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानाच्या पाळीत ते सापडते. कुत्रा एकसारखे डोके झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल तर कुसळ आत गेले असे धरून डॉक्टरांकडे न्यावे. कानात काडी घालू नये. गोचीड कानामागे, मानेखाली आणि शेपटीच्या मुळाशी चिकटतात. चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावे. त्यावर रॉकेल ओतणे किंवा काडी पेटवून लावणे चूक आहे, कारण तसे केल्याने गोचीड आपल्या पोटातले जखमेत ओकण्याची भीती असते.

गोचीडताप लगेच दिसत नाही. एक ते तीन आठवड्यांनी कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. तोवर सहल विसरलेली असते. म्हणून घरच्या दिनदर्शिकेवर परतल्याची तारीख लिहून ठेवावी, तीन आठवडे त्याच्या जेवणाकडे लक्ष ठेवावे, आणि डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर कुठे, कोणत्या शेतात मुक्काम केला होता हे आधी सांगून रक्ततपासणी करून घ्यावी.