औषध आणि ताट : एक हितगुज
(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणती यंत्रे आली, याचा हिशेब अहवालात आपण पाहालच. आज आम्ही या हिशेबात न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहोत. रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाच्या औषधाचा त्याच्या ताटाशी संबंध असतो, ही ती गोष्ट.

घाटकोपरच्या एका चाळीतील भगिनीची झडप लहानपणीच्या सांधेतापाने निकामी झाली होती. दात्यांच्या साहाय्याने त्यांना कृत्रिम झडप बसली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. कित्येक महिने तपासणी उत्तम येत होती. हिवाळा आला, बाजारात पालेभाजी मुबलक झाली, आणि सुनेला शक्ती यावी म्हणून सासूबाईंनी मायेने रोज मेथी आणि पालक वाढायला सुरुवात केली. पुढच्या तपासणीत रक्त गोठण्याचे प्रमाण धोक्याच्या बाजूला झुकलेले आढळले. गोळी एकही चुकली नव्हती. बदलले होते ते केवळ ताट. वेळीच कळले म्हणून निभावले. झडपेवर गुठळी झाली असती, तर झडप अडकण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वॉरफॅरिन, अ‍ॅसेनोकूमॅरॉल ही औषधे के जीवनसत्त्वाच्या कार्याला आळा घालतात. रक्त गोठण्यासाठी आवश्यक असलेल्या या जीवनसत्त्वाचा शोध लावणारे हेन्रिक डाम १९४३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. हिरव्या पालेभाजीत हेच जीवनसत्त्व विपुल असते. भाजी अचानक वाढली की गोळीचा प्रभाव घटतो. आजारपणात किंवा दीर्घ उपवासात ती अचानक बंद झाली की प्रभाव वाढून रक्तस्रावाची भीती निर्माण होते. म्हणून भाजी सोडू नये. तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवावे. नव्या प्रकारची रक्त पातळ करणारी औषधे आली असली, तरी धातूच्या झडपेसाठी आजही हीच जुनी गोळी वापरावी लागते.

असे प्रसंग इतर औषधांच्या बाबतीतही घडतात. बोरिवलीहून सकाळची लोकल गाठायची म्हणून थायरॉइडची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली, तर ती पुरती शोषली जात नाही. ती उपाशीपोटी, पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोहाच्या गोळीलाही चहा मानवत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके दुधाबरोबर घेतल्यास निष्प्रभ होऊ लागतात. मूत्रपिंड अशक्त असलेल्या आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्या रुग्णाला रोजचे शहाळ्याचे पाणीही बाधू शकते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते.

आपल्या उपनगरांत श्रावण, एकादशी, पर्युषण, रमजान श्रद्धेने पाळले जातात. त्या श्रद्धेचा आम्ही आदरच करतो. परंतु ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. व्रताच्या पुरेशा दिवस आधी डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा मात्रा आणि वेळ बदलून मार्ग काढता येतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

कुटुंबीयांना आमची विनंती एवढीच. तपासणीला येताना घरातील सर्व औषधे, काढे आणि चूर्णेही पिशवीत घालून आणा. आहारात मोठा बदल केला असल्यास न विचारताही सांगा. आम्ही रागावणार नाही.

विश्वस्त आणि देणगीदार बंधुभगिनींनो, रुग्णाला घरी सोडताना त्याच्याशी आणि घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी अर्धा तास बोलणे, हाही शस्त्रक्रियेचाच एक भाग आहे. त्यासाठी मनुष्यबळ लागते आणि त्याची पाटी कोणत्याही भिंतीवर लागत नाही. तरीही आपण दिलेली झडप पुढे वर्षानुवर्षे सांभाळली जाते ती त्या स्वयंपाकघरातच, याचे स्मरण असू द्यावे.