नव्व्याण्णव दिवसांचा सम्राट

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्यासमोर मांडला गेला आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्याने त्यावर अधिक बोलण्याचा मोह होतो. तथापि आज एका राजाच्या आजाराची हकिकत सांगण्याची आम्ही अनुज्ञा घेतो.

प्रशियाचे राजे व जर्मनीचे सम्राट तिसरे फ्रेडरिक यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८३१ रोजी पॉट्सडॅम येथे झाला. बॉन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. १८५८ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या ज्येष्ठ कन्येशी त्यांचा विवाह झाला. १८६६ व १८७०-७१ च्या युद्धांत त्यांनी सैन्याचे नेतृत्व केले, तरी त्यांचा पिंड उदारमतवादी होता. वैभव असूनही घरचे दुःख चुकले नाही. एक बालक १८६६ मध्ये मेंदूज्वराने आणि अकरा वर्षांचा एक पुत्र १८७९ मध्ये घटसर्पाने दगावला. राज्यपदासाठी तर त्यांना युवराज म्हणून सत्तावीस वर्षे प्रतीक्षा करावी लागली.

१८८७ च्या प्रारंभी त्यांचा आवाज बसला. बर्लिनचे प्राध्यापक गेऱ्हार्ट यांना डाव्या स्वरतंतूवर लहानशी गाठ आढळली. तापलेल्या तारेने ती जाळण्याचे प्रयत्न झाले, पण गाठ पुन्हा वाढली. मे महिन्यात शल्यविशारद बेर्गमान यांनी गळा बाहेरून उघडून ती काढण्याचा सल्ला दिला. तत्पूर्वी लंडनचे नामांकित कंठतज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासणीस दिला. थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांना त्यात कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया स्थगित झाली. जूनमध्ये युवराज लंडनला राणीच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यासही उपस्थित राहिले.

नोव्हेंबरमध्ये इटलीतील सान रेमो येथे मात्र निदान पालटले. तो कर्करोगच होता. युवराजांना सत्य सांगण्यात आले आणि त्यांनी ते धीराने ऐकले. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया व्हिएन्नाच्या बिलरोट यांनी १८७३ मध्ये प्रथम केली होती, परंतु तीत प्राण जाण्याचा धोका फार मोठा होता. त्यांनी ती नाकारली. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वास कोंडू लागल्याने गळ्यास छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविण्यात आली.

पुढे महिन्याभरातच, ९ मार्च रोजी, पिता पहिले विल्हेल्म वारले आणि मुका झालेला हा पुत्र सिंहासनावर आला. सम्राट चिठ्ठ्या लिहून आज्ञा देत. जूनमध्ये त्यांनी गृहमंत्री पुटकामर यांना पदावरून दूर केले. याहून फारसे काही करण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. १५ जून १८८८ रोजी, ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर जर्मन व इंग्रज डॉक्टरांनी परस्परांस दोष देणारी लेखने छापली. सम्राज्ञी व्हिक्टोरिया यांनाही १९०१ मध्ये कर्करोगानेच मृत्यू आला.

ही हकिकत आम्ही डॉक्टरांचे दोष काढण्यासाठी सांगितली नाही. फिर्शो यांचे उत्तर त्यांच्या हाती आलेल्या तुकड्यापुरते होते. घरच्यांनी आणि दरबाराने ते संपूर्ण आजाराचे उत्तर मानले, कारण प्रत्येकाला तेच ऐकावयाचे होते. आमच्या खिडकीपाशीही आम्ही हेच पाहतो. अहवालात 'दोष आढळला नाही' असे वाचताच नातेवाईकांचे डोळे भरून येतात. ते देवाला नारळ फोडतात आणि पुन्हा तपासणीस येण्याची तारीख विसरतात. काही जण भाड्यास पैसे नसल्याने येत नाहीत, आणि ते सांगण्याचाही त्यांना संकोच वाटतो.

म्हणून आमची आपणांस दोन प्रकारची विनंती आहे. रुग्णांच्या आप्तांनी, आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसला असेल, विशेषतः घरात तंबाखू वा धूम्रपान असेल, तर विलंब न लावता दाखवावे. अहवाल निर्दोष आला तरी लक्षण कायम असल्यास परत यावे. आणि रुग्णाला आपल्या आजाराविषयी विचारावयाचे असेल तर त्याला थांबवू नये. देणगीदारांनी, यंत्रसामग्रीसाठी जसा हात सैल सोडला, तसाच फेरतपासणीस बोलाविण्याची पत्रे, दूरध्वनी आणि गरीब रुग्णांचे भाडे यांसाठीही सोडावा. या खर्चावर नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तो ताळेबंदात स्वतंत्र रकान्यात दाखवावा, असा आमचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे.