खेळणाऱ्या मुलीस थांबवू नका
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिरूर व दौंड तालुक्यांतील आपल्या कुटुंबांतील गुणवंत मुलामुलींचा सत्कार आताच झाला. परीक्षेतील यशाचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु मैदान गाजविणारी एकही मुलगी या व्यासपीठावर आली नाही. म्हणून एका खेळाडू स्त्रीच्या कारकिर्दीविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतो.

ललिता बाबर या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या. तो मुलूख अवर्षणाचा. आपल्याकडील जिरायत गावांस तो परका वाटू नये. शेतकऱ्याच्या घरची ही मुलगी प्रथम खो-खो खेळली व मग धावण्याकडे वळली. खेळाच्या बळावर तिला रेल्वेत नोकरी मिळाली. रेल्वेच्या नोकरीचे मोल दौंडकरांस मी काय सांगावे!

मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे त्या पहिल्या आल्या. पुढे त्यांनी तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत हाती घेतली. हिच्यात धावता धावता अठ्ठावीस अडथळे ओलांडावे लागतात आणि सात वेळा पाण्यावरून उडी घ्यावी लागते. २०१४ साली आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी कांस्यपदक मिळविले व २०१५ साली आशियाई अजिंक्यपद. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम करून त्यांनी अंतिम फेरी गाठली. १९८४ साली पी. टी. उषा यांनी अशी फेरी गाठली होती. त्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत हा मान मिळविणारी भारतीय स्त्री बत्तीस वर्षांनी दिसली. अंतिम शर्यत १५ ऑगस्टला झाली व तीत त्या दहाव्या आल्या. पुढे त्या महाराष्ट्र शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाल्या.

आता माझा एक अपराध सांगतो. माझ्या वर्गात खो-खोत उत्तम पाठलाग करणारी एक मुलगी होती. तिची निवड जिल्ह्याच्या संघात झाली. वडील माझ्याकडे सल्ला विचारावयास आले. मी म्हणालो, "दहावीचे वर्ष आहे, खेळ पुरे झाला." त्यांनी गुरुजींचा शब्द मानला. मुलगी दहावी उत्तीर्ण झाली आणि पुढल्याच वर्षी तिचे लग्न झाले. अभ्यासासाठी खेळ सोडविला आणि अखेर अभ्यासही सुटला. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला दप्तर घेऊन उभी राहिलेली ती मुलगी मी अद्याप विसरलेलो नाही.

प्रत्येक मुलगी ऑलिंपिकला जाईल असे मी म्हणत नाही. पण राज्य शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हे तरी पालकांनी ध्यानी घ्यावे. आणि नोकरी न लाभली तरी निरोगी शरीर व पराभव पचविण्याची ताकद ही काही थोडी मिळकत नव्हे.

मंडळास माझी एवढीच विनंती आहे की, पुढील वर्षापासून एक पारितोषिक खेळाडू मुलीसाठी ठेवावे. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये मी आज अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहे.