गोळी माणसाला लागते, गाण्याला नाही



गाण्यानं पोट भरत नाही, असं शहाणे लोक म्हणतात. खरं आहे. पण गाण्यावाचून लांबलेला संप टिकतो काय, हे त्यांनी चाळीतल्या बायाबापड्यांना विचारावं! आज आम्ही एका गाण्याची हकीकत सांगणार आहोत. गाणं अमेरिकेतलं, पण कामगारांचं, म्हणून आपलंच.

जो हिल हा मजूर १८७९ साली स्वीडनमध्ये जन्मला. १९०२ साली पोटासाठी अमेरिकेत गेला. मिळेल ते काम केलं, कामगार संघटनेत शिरला. लोकांच्या तोंडी बसलेल्या चाली उचलायच्या आणि त्यांवर कामगारांचे शब्द चढवायचे, हा त्याचा धंदा. १९१२ साली लॉरेन्स शहरात कापड गिरण्यांच्या वीस हजारांवर कामगारांनी पगारकपातीविरुद्ध संप केला, त्यावरही त्यानं गाणं रचलं. तो म्हणे, पत्रक माणूस एकदाच वाचतो. गाणं पाठ होतं आणि पुन्हा पुन्हा म्हटलं जातं.

१९१४ साली एका दुकानदाराच्या खुनाचा आळ त्याच्यावर आला. पुरावा कच्चा आहे, अशी देशोदेशी ओरड झाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी फेरविचार करा म्हणून सांगितलं. यूटा राज्याच्या सरकारनं ऐकलं नाही. १९ नोव्हेंबर १९१५ रोजी त्याला गोळ्या घातल्या.

संपला काय जो हिल? छे! आल्फ्रेड हेज या कवीनं कविता लिहिली : एका माणसाच्या स्वप्नात जो हिल येतो आणि 'मी मेलोच नाही' असं सांगतो. १९३६ साली अर्ल रॉबिन्सननं तिला चाल लावली. चाल अगदी साधी. कडव्याची शेवटची ओळ पुन्हा म्हणायची, म्हणजे ऐकणाऱ्याला आपोआप साथ धरता येते.

मग ते गाणं पॉल रोबसनच्या गळ्यात आलं. काळा माणूस, ढगासारखा आवाज, आणि बोलणं रोखठोक. सरकारनं १९५० साली त्याचा पासपोर्ट काढून घेतला. १९५२ साली कॅनडातल्या खाणकामगारांनी त्याला अधिवेशनाला बोलावलं, तर सरहद्दीवरच अडवला. गडी काय करतो? टेलिफोनवरून 'जो हिल' गातो! त्याच वर्षी १८ मे रोजी सरहद्दीला ट्रक उभा केला, त्यावर चढून गायला. दोन्ही बाजूंना हजारो माणसं. माणसाला अडवलं, सूर कोण अडवणार? पासपोर्ट परत मिळाल्यावर १९६० साली सिडनीत ऑपेरा हाऊस बांधणाऱ्या मजुरांपुढे कामावरच उभा राहून त्यानं तेच गाणं म्हटलं.

पुढे आयर्लंडच्या ल्यूक केलीनं ते गायलं. १९६९ साली वुडस्टॉकच्या अफाट गर्दीपुढे जोन बाएझनं गायलं. २०१४ च्या मे दिनाला ब्रूस स्प्रिंगस्टीननं गायलं. रोबसनचा खर्ज वेगळा, बाएझचा बारीक गळा वेगळा. कुणी कुणाची नक्कल केली नाही. ज्यानं त्यानं आपल्या आवाजात, आपल्या माणसांसाठी म्हटलं. म्हणून गाणं जगलं. एकाच गळ्यात अडकलेलं गाणं त्या गळ्याबरोबर सरणावर जातं.

आता आपल्याकडे पाहा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी लिहावं, अमर शेखांनी गावं, आणि गिरणगावानं उचलून धरावं! दोघेही १९६९ सालीच गेले. गिरणगावातले बहुतेक भोंगे नंतर थंडावले. मग ती गाणीही रेकॉर्डमध्ये आणि पुस्तकांत कोंडून ठेवायची काय?

नाही. 'त्यांच्यासारखं कुणाला जमणार?' हे म्हणणं सोडा. जमायला नकोच आहे! आवाज फाटका असेना, ढोलकी नसली तर डब्यावर ताल धरा. पोरांना शब्द पाठ करून द्या, अर्थ सांगा, आणि सूर त्यांचा त्यांना लावू द्या. शाहीर आपलं काम करून गेले. साथ धरायचं काम आपलं आहे!