गच्चीवरून मोजलेल्या उल्का



दरवर्षी वर्धापनदिनाला कुणी पाककृती सांगते, कुणी यात्रेची हकीगत वाचते. यंदा चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, "डिसेंबरात रात्री गच्चीवर चटई टाकून तुम्ही काय बघता, ते एकदा सगळ्यांना सांगून टाका." माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. त्यामुळे विद्वानांसारखे बोलणे मला जमायचे नाही. पण तीन वर्षे जे डोळ्यांनी पाहिले आणि वहीत टिपून ठेवले, तेवढे सांगते.

आपण ज्याला 'तारा तुटला' म्हणतो, तो मुळी तारा नसतोच. तो असतो वाळूच्या कणाएवढा, फार तर वाटाण्याएवढा खडा. तो अफाट वेगाने पृथ्वीभोवतालच्या हवेत शिरतो आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरच जळून जातो. ती जळती रेघ म्हणजे उल्का. डिसेंबरातल्या उल्कांचा वेग सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर असतो. म्हणजे मुंबईहून पुण्याला चार-पाच सेकंदांत!

धूमकेतू सूर्याभोवती फिरताना वाटेवर असा चुरा सांडत जातात. पृथ्वी दरवर्षी त्या वाटेवर आली की एकाच रात्री पुष्कळ उल्का दिसतात. त्याला उल्कावर्षाव म्हणतात. डिसेंबरातला वर्षाव मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या चुऱ्याचा आहे. हा लघुग्रह १९८३ साली सापडला.

आता लक्षात ठेवायची खूण सांगते. आपली दिवाळी चंद्राच्या तिथीने येते, म्हणून तारीख मागेपुढे होते. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून जानेवारीच्या १४-१५ लाच येते. उल्कावर्षावही संक्रांतीच्याच जातीचा. तो संक्रांतीच्या एक महिना आधी, १३-१४ डिसेंबरच्या रात्री येतो. चंद्र मात्र आपल्या तिथीनेच चालणार. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाची तिथी बघावी. अमावास्येच्या आसपासची असेल तर उत्तम. पौर्णिमेजवळची असेल तर चांदण्यात बारीक उल्का बुडून जातात.

ऑगस्टच्या १२-१३ तारखेलाही मोठा वर्षाव असतो, तो ययाती तारकासमूहातून. परदेशात त्याचे फार कौतुक. पण आपल्याकडे तेव्हा पावसाळा, आकाश ढगांनी भरलेले. आपल्याला डिसेंबरच बरा. शिवाय तो बायकांच्या सोयीचा आहे. पहाटे उठायला नको. जेवणखाण, भांडी, विरजण आटोपून रात्री दहाला गच्चीवर गेले तरी चालते.

पुस्तकात तासाला शंभर-सव्वाशे उल्का दिसतील असे लिहिलेले असते. ते वाचून कुणी आपल्या गच्चीवर गेले तर निराश होऊन खाली येईल. तो आकडा अगदी काळ्याभोर आकाशाचा असतो. ताऱ्यांच्या तेजाला 'प्रत' म्हणतात. दिव्यांनी, धुराने आकाश एका प्रतीने फिके झाले की उल्का सुमारे अडीचपट कमी दिसतात. काळ्या आकाशात साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आपल्या गल्लीतून जेमतेम चौथ्या. अडीच प्रतींचा फरक पडला, म्हणजे दहा उल्का जळाव्या तेव्हा एक आपल्या वाट्याला यावी. तेव्हा तासाला आठ-दहा दिसल्या तर वाईट मानू नये. आपल्या आकाशाच्या मानाने ते भरपूर आहे.

आपले आकाश कसे आहे हे कृत्तिकांवरून कळते. डिसेंबरात रात्री दहाला कृत्तिकांचा झुबका डोक्यावर असतो. त्यात सहा तारका मोजता आल्या तर आकाश बरे समजावे. आपल्याकडून मला चारच दिसतात. हा आकडा मी वहीत आधी लिहिते, उल्का नंतर.

माझी पद्धत साधी आहे. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला चटई टाकावी. समोरचा दिवा डोळ्यांवर येत असेल तर उघडी छत्री आडवी धरून ठेवावी. कानाला रुमाल, अंगावर गोधडी. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, म्हणून तेवढा वेळ फोन उघडायचा नाही. एका वाटीत चिंचोके घ्यावेत, शेजारी दोन रिकाम्या वाट्या. दिसलेल्या उल्केची रेघ मनाने मागे ओढावी. ती पुनर्वसूच्या जोडताऱ्यांकडे गेली तर ती या वर्षावातली, चिंचोका उजव्या वाटीत. नाही गेली तर ती भटकी, चिंचोका डाव्या वाटीत. दिवा न लावता हिशेब राहतो.

माझ्या वहीतले आकडे असे. २०२३ साली १४ डिसेंबरला, अमावास्या नुकतीच झालेली, दीड तासात अकरा. २०२४ साली १३ डिसेंबरला, दत्तजयंतीची आदली रात्र, लख्ख चांदणे, एका तासात तीन. २०२५ साली त्याच तारखेला निम्मे आकाश ढगाळ, एका तासात पाच. तीन हा आकडाही मी तितक्याच काळजीने लिहिला. चांदणे होते हे शेजारी लिहिले की तीनलाही अर्थ येतो. जगभरच्या हौशी लोकांचे असे आकडे १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना गोळा करते, आणि तीही आकाश कसे होते ते आधी विचारते.

पण या नादाचा खरा उपयोग आमच्या घरात निराळाच झाला. माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत. मी गच्चीवर निघाले की त्या म्हणायच्या, "बघ हवे तर, पण तोंडाने बोलू नकोस." २०२३ साली त्या हट्टाने माझ्याबरोबर वर आल्या. पहिली उल्का दिसताच त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग सांगू लागल्या. सात-आठ वर्षांच्या असताना त्यांनी अंगणातून तारा तुटताना पाहिला आणि "तो बघा" म्हणून ओरडल्या. आठवड्याने त्यांचा धाकटा भाऊ तापाने गेला. घरातले कुणीतरी म्हणाले, "ही बोलली म्हणून गेला." तेवढे एक वाक्य त्यांनी सारा जन्म उरात बाळगले होते.

मी त्यांना संक्रांतीचाच दाखला दिला. म्हटले, "आई, हे खडे आपापल्या वाटेने येतात. आपण बघितले तरी येतात, झोपलो तरी येतात." त्यांनी विचारले, "म्हणजे मी बोलले नसते तरी तो पडलाच असता?" मी म्हटले, "हो." बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती वाटी इकडे दे. पुढचा चिंचोका मी टाकते." त्या रात्रीच्या अकरांतले चार चिंचोके त्यांचे आहेत.

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जणींना लहानपणी असे काही ना काही ऐकवले गेले असेल. पांढऱ्या पायाची, अवलक्षणी, बोलली म्हणून झाले. आकाशातल्या गोष्टींचा दोष निदान आपल्या माथी राहू नये, एवढे तरी या वर्षावाने मला शिकवले.

आता मंडळाला एक विनंती. येत्या १४ डिसेंबरच्या रात्री दहा ते अकरा गच्चीवरचे आणि मागच्या बाजूचे मोठे दिवे बंद ठेवण्याबद्दल शेजाऱ्यांशी बोलावे. फाटकाचे आणि जिन्याचे दिवे चालूच ठेवावेत. बायकामुलींनी ये-जा निर्धास्त करावी. प्रत्येकीने आपली चटई, गोधडी आणि मूठभर चिंचोके आणावेत. चहा माझ्याकडे. आकाश कसे असेल ते मी सांगू शकत नाही, पण जे दिसेल ते आपण मोजू आणि मंडळाच्या वहीत लिहून ठेवू.