गुलामांच्या घरचा वल्हांडण सण

अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानाची राजधानी रिचमंड हें शहर जुनें व इतिहासप्रसिद्ध आहे. १८६१ सालीं त्या देशाच्या उत्तर व दक्षिण भागांत यादवी युद्ध जुंपलें, तेव्हां गुलामगिरीचा कैवार घेणाऱ्या दक्षिणेनें आपली राजधानी येथेंच आणिली. शहराच्या शॉको बॉटम नांवाच्या भागांत माणसांचा बाजार चाले. आईस एकानें व मुलास दुसऱ्यानें विकत न्यावें, हा तेथील नित्याचा व्यवहार होता. ३ एप्रिल १८६५ रोजीं उत्तरेचें सैन्य या शहरांत शिरलें. माघार घेणाऱ्यांनींच लावलेल्या आगीनें शहराचा बराच भाग तोंपर्यंत भस्मसात झाला होता. दुसऱ्याच दिवशीं अध्यक्ष लिंकन तेथील रस्त्यांवरून पायीं चालत गेले. ९ एप्रिलला सेनापति ली शरण आले आणि १० एप्रिलच्या सायंकाळीं यहुदी लोकांच्या वल्हांडण सणास आरंभ झाला. मिसर देशाच्या दास्यांतून इस्राएल लोकांची सुटका झाली, तिच्या स्मरणार्थ हा सण पाळतात.

या विलक्षण योगावर मॅथ्यू लोपेझ या अमेरिकन नाटककारानें 'द व्हिपिंग मॅन' हें नाटक रचिलें आहे. 'व्हिपिंग मॅन' म्हणजे चाबूकवाला. मालकांनीं आपले गुलाम फटके मारविण्याकरितां ज्याच्याकडे पाठवावे, असा शहरांतील धंदेवाईक माणूस. नाटकाचा पहिला प्रयोग २००६ सालीं झाला व २०११ सालीं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन थिएटर क्लबनें तें रंगभूमीवर आणिलें. पात्रें अवघीं तीन. ज्याच्या नांवानें नाटक चालतें तो चाबूकवाला रंगभूमीवर येतच नाहीं. परंतु त्याची छाया तिघांवरही पसरलेली आहे.

कॅलेब डिलिऑन हा यहुदी घराण्यांतील तरुण दक्षिणेच्या सैन्यांतून जखमी होऊन आपल्या उद्ध्वस्त घरीं परततो. घरचीं माणसें निघून गेलेलीं असतात. उरलेले असतात ते त्याच्या बापाचे कालपर्यंतचे दोन गुलाम, वृद्ध सायमन व तरुण जॉन. कॅलेबचा पाय सडूं लागला आहे; तो कापल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तें काम सायमनलाच करावें लागतें. मालकाचा जीव गुलामाच्या हातीं आल्याचें हें दृश्य नाटकाच्या आरंभींच प्रेक्षकांपुढें येतें.

हे दोघे काळे गुलाम मालकाच्याच धर्मांत वाढलेले आहेत. लिंकन यांच्या खुनाची वार्ता शहरांत आली असतां, त्या दुःखांतही सायमन सण पाळण्याचें ठरवितो. सैन्यांतल्या कडक बिस्किटांस बेखमीर भाकरीचा मान मिळतो. "आम्हीं मिसर देशांत दास होतों," या अर्थाचे शब्द यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या या सणांत उच्चारीत आले. डिलिऑनांच्या घरींही ते दर वर्षीं उच्चारले जात होते. परंतु त्याच घरांत उच्चारणारा मालक होता व ऐकणारा गुलाम. जॉन हीच विसंगति पुढें मांडितो. लेवीय पुस्तकांत इस्राएल बांधवास दासासारखें राबवूं नये अशी आज्ञा आहे. मग या घरांत आपण यहुदी होतों कीं गुलाम, असा त्याचा प्रश्न आहे. कॅलेबजवळ त्याचें उत्तर नाहीं.

त्यापुढें एकेक रहस्य उलगडत जातें. सायमन ज्यांची वाट पाहत घर राखीत बसला, ती त्याची पत्नी व कन्या मालकानें विकून टाकिल्या आहेत, हें त्याला कळतें. एकाच रात्रीं इतकीं रहस्यें उघडावीं, हा योगायोग थोडा जुळवून आणिल्यासारखा वाटतो, व टीकाकारानें त्यास दोष दिल्यास तो अन्याय होणार नाहीं. तथापि नाटकाचा गाभा त्यानें ढळत नाहीं. सायमन आपलीं माणसें शोधावयास निघून जातो. आपापल्या अपराधानें बांधलेले दोघे तरुण मात्र घरांतच राहतात. कायद्यानें बेडी तुटते. परंतु मोकळ्या माणसानें जावें कोठें, हें कायदा सांगत नाहीं.

महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केला. पुढच्याच वर्षीं, १८७४ सालीं, पुण्यास वल्हांडण सणाच्या विधीचें पुस्तक मराठी भाषांतरासह छापून निघालें. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची ती गरज होती. दास्यांतून सुटकेची तीच कथा मराठींतही अशी घरोघर वाचली गेली.

सायमन पुढें कोठें गेला, हें नाटक सांगत नाहीं. इतिहास मात्र एवढें सांगतो कीं, युद्धानंतर अनेक वर्षें मुक्त झालेले लोक वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिले. विकली गेलेली आई, हरवलेली बहीण, ताटातूट झालेला मुलगा कोणास भेटल्यास कळवावें, एवढेंच त्यांत लिहिलेलें असे.