कोपऱ्यावरचा इराणी

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ साली ‘ब्रिटानिया’ हे इराणी हॉटेल सुरू झालं. तिथला बेरी पुलाव मूळचा इराणचा. तिकडे त्याला झेरेश्क पोलो म्हणतात. मुंबईत आल्यावर त्याला मसाला चढला. केशरी भात, तळलेला कांदा, काजू, वर लालबुंद आंबट बेरी आणि खाली दडलेलं मटण किंवा कोंबडी. हा पदार्थ मालकांच्या पत्नीने इराणहून आणला. कल्पकतेला शेफची टोपी लागतेच असं नाही!

आणि गोडाला? इराण्याचा मावा केक. वेलचीचा वास, वरून तपकिरी, आतून ओलसर. तो काट्याचमच्याने खाणं म्हणजे त्याचा अपमानच. कागद सोलायचा, हातानेच तोडायचा आणि सोबत पानी-कम, म्हणजे कमी पाण्याचा चहा मागवायचा. भट्टीतला गरम केक हवा असेल तर मात्र सकाळीच इराणी गाठा.